झाखरमध्ये उतरायचं असेल तर: व्हिएन्नातल्या घरंदाज हॉटेलातला पहिला मुक्काम

आधी उच्चार. रोमन लिपीतलं हे नाव आपल्याकडे ‘सॅचर’ किंवा ‘साचर’ असं वाचलं जातं. जर्मनमध्ये ते ‘झाखर’ आहे: ‘झाड’मधला झ आणि घशाला घासत येणारा ख. चॉकलेट केकसाठी जगभर ठाऊक असलेल्या या घराण्याच्या नावाचा आपल्या साखरेशी काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोपं जातं.

एडुआर्ड झाखरने १८७६ साली हे हॉटेल उघडलं. ‘ऑपेरा’ म्हणजे व्हिएन्नाच्या प्रसिद्ध संगीतनाट्यगृहाच्या पाठीमागची ही जागा पूर्वी केर्न्टनरटोअर नाट्यगृहाची होती. बीथोव्हनची नववी सिंफनी ७ मे १८२४ रोजी पहिल्यांदा वाजली ती तिथेच. एडुआर्ड १८९२ साली गेला. त्यानंतर जवळजवळ चार दशकं त्याची बायको आना हिने हॉटेल चालवलं, हातात सिगार आणि पायाशी फ्रेंच बुलडॉग अशा थाटात. १९३० मध्ये ती वारली, १९३४ मध्ये हॉटेलचं दिवाळं निघालं आणि ते ग्युर्टलर कुटुंबाच्या हाती आलं. मालकी आजही त्याच घराण्याकडे आहे.

हा इतिहास मुक्कामाच्या तयारीशी जोडलेला आहे. साखळी हॉटेलात खोलीचा प्रकार निवडला, पैसे भरले की काम संपतं, कारण तीनशे खोल्या एका साच्यातून काढलेल्या असतात. इथे दीडशेच्या आसपास खोल्या आहेत, इमारत जुनी, वरचे मजले या शतकात चढवलेले. एकाच दराच्या दोन खोल्यांत आकार, खिडकी, न्हाणीघर वेगळं निघू शकतं. त्यामुळे इथे न विचारता राहणारा आणि विचारून राहणारा सारखेच पैसे भरतात, पण मुक्काम सारखा होत नाही.

तारखा ठरवताना

सर्वांत साधी खोलीही सहसा रात्रीला पाचशे युरोंच्या पुढेच असते. भाव भडकतात ते नाताळच्या बाजारांच्या दिवसांत (नोव्हेंबरच्या मध्यापासून), वर्षअखेरीला, आणि ऑपेरा बॉलच्या, म्हणजे ऑपेरात होणाऱ्या मोठ्या नृत्यसोहळ्याच्या, आठवड्यात. हा बॉल ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीचे ख्रिस्ती उपवास सुरू होतात तो बुधवार) आधीच्या गुरुवारी असतो, म्हणून त्याची तारीख दरवर्षी बदलते आणि गुगलवर भाव बघताना एखाद्याच आठवड्याचा आकडा दुप्पट का दिसतो ते कळत नाही. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च (बॉल सोडून) आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा त्या मानाने परवडतो.

एक गोष्ट मात्र पर्यटक हमखास विसरतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तो चालू असतो, तेव्हा मे खरं तर फार सोयीचा. ऑपेरासमोर राहून ऑपेराच बंद, हे म्हणजे आषाढीला पंढरपुरात जाऊन देऊळ बंद मिळण्यासारखं.

रात्री किती? ज्यांचं बजेट ताणलेलं आहे त्यांनी दोन रात्री इथे आणि बाकीच्या साध्या हॉटेलात काढाव्यात, आणि झाखरच्या दोन शेवटी ठेवाव्यात. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण आणि वेळेचा फरक असतो (उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार), संध्याकाळी सात वाजताच डोळे मिटतात. पाचशे युरोंची खोली झोपेत घालवण्यात अर्थ नाही.

बुकिंग आणि व्हिसा: क्रम उलटा करू नका

शेंगेन व्हिसाच्या (ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या) अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो. इथेच लोक फसतात: ‘परत न मिळणारा’ दर पंधरा-वीस टक्के स्वस्त दिसतो, तो घेतला जातो, मग व्हिसा उशिरा येतो किंवा येतच नाही. हॉटेल पैसे परत करायला बांधील नसतं. म्हणून आधी रद्द करता येणारा दर घ्या, व्हिसा हातात आल्यावर भाव पुन्हा तपासा, स्वस्त असेल तर तेव्हा बदला.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. उन्हाळ्याच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, तेव्हा दोन-अडीच महिने हातात ठेवा. प्रौढांचं शुल्क ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध असावा.

बुकिंगवरची नावं पासपोर्टबरहुकूम लिहा. नवऱ्याच्या नावावर खोली घेऊन बायकोचं नाव ‘अधिक एक पाहुणा’ असं सोडून दिलं, तर तिच्या अर्जात राहण्याचा पुरावाच उरत नाही. हॉटेलला एक मेल टाकला की दोन्ही नावांचं पत्र मिळतं.

दर वाचताना दोन गोष्टी बघा: न्याहारी धरली आहे का, आणि शहराचा निवासकर भावात आहे की वर लागणार. न्याहारी वेगळी घेतली तर माणशी बराच आकडा होतो.

आठवडाभर आधीचा मेल

हा मेल सगळ्या तयारीतला कळीचा भाग आहे. तो हॉटेलच्या कन्सिएर्जला उद्देशून लिहावा, इंग्रजीत, थोडक्यात. कन्सिएर्ज म्हणजे रिसेप्शनवरचा कारकून नव्हे. तिकिटं, टेबलं, गाड्या, हरवलेलं सामान, डॉक्टर, सगळं जुळवून आणणारा तो माणूस. त्याच्या कोटाच्या कॉलरवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या तर तो त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य, म्हणजे मुरलेला गडी.

मेलमध्ये काय असावं? विमान किती वाजता उतरणार. पलंग एकत्र हवा की वेगळे (युरोपातला ‘डबल’ बहुधा दोन गाद्या शेजारी लावून केलेला असतो आणि पांघरुणंही दोन असतात, तेव्हा एकच सलग गादी हवी असेल तर तसं लिहा). खोली शांत हवी की देखाव्याची. सोबत गुडघेदुखीचे आई-बाबा असतील तर टबमध्ये चढावं न लागणारा, सपाट शॉवर असलेली खोली. आणि जेवणाबद्दल स्पष्ट, त्याकडे पुढे येऊच.

देखाव्याबाबत एक खुलासा: ‘ऑपेराचा देखावा’ म्हणजे ऑपेराची मागची बाजू. पोस्टकार्डावरची कमानींची दर्शनी बाजू रिंग रस्त्याकडे आहे, हॉटेलकडे नाही. मागची बाजूही देखणी आहे, रात्री दिव्यात तर फारच, पण त्यासाठी जास्तीचे किती मोजायचे हे फोटो बघून ठरवा. झोप हलकी असणाऱ्यांनी आतल्या बाजूची खोली मागावी.

विमानतळावरून

श्वेखाट विमानतळ शहरापासून जेमतेम अठरा-वीस किलोमीटर. तीन रस्ते. हिरवी सिटी एअरपोर्ट ट्रेन १६ मिनिटांत व्हीन मिटे स्टेशनला नेते, पण महाग. साधी लोकल, एस-७, तिथेच पंचवीसेक मिनिटांत नेते आणि तिकीट कितीतरी स्वस्त. तिसरी, राष्ट्रीय रेल्वेची वेगवान गाडी, थेट मुख्य स्थानकाला, पंधरा मिनिटांत. व्हीन मिटेहून यू-४ या मेट्रोची दोन स्टेशनं किंवा मुख्य स्थानकाहून यू-१ ची दोन स्टेशनं की कार्ल्सप्लात्झ. तिथे ‘ओपर’ लिहिलेल्या बाहेरच्या वाटेने वर या, ऑपेरा डाव्या हाताला ठेवून केर्न्टनर श्ट्रासने चाला, ऑपेरा संपला की डावीकडे वळा. लाल छताची, झेंड्यांची दारं दिसतील.

कागदी तिकीट काढलं असेल तर फलाटाच्या तोंडाशी असलेल्या निळ्या पेटीत ते दाबून शिक्का मारायचा असतो. तिकिटावर आधीच वेळ छापली असेल तर नाही. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड शंभर युरोंच्या वर. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब तिथे रोज ऐकली जाते.

दोन मोठ्या बॅगा आणि वयस्क माणसं असतील तर टॅक्सीच बरी.

भारतातून येणारी बरीच विमानं सकाळी उतरतात, खोली मात्र दुपारी तीनच्या सुमाराला मिळते. सामान ठेवून घेतात, त्याचे पैसे नाहीत. लवकर खोली हवीच असेल तर आदल्या रात्रीपासून बुकिंग करणं हा एकच खात्रीचा उपाय आहे. दाराशी बॅग उचलायला कोणी आलं तर ओढाताण करू नका, देऊन टाका. बॅगेमागे दोन युरो देण्याची पद्धत आहे, म्हणून विमानतळावरच थोडी नाणी आणि पाचच्या नोटा करून घ्या.

काउंटरवर: पैसे अडकतात ते इथे

पासपोर्ट दाखवून पाहुण्यांच्या नोंदीवर सही करावी लागते, तो ऑस्ट्रियाचा कायदा आहे. मग ते कार्ड मागतात. मुक्कामाची रक्कम आणि वर किरकोळ खर्चासाठी काही रक्कम ते कार्डावर ‘राखून’ ठेवतात. हे पैसे कापलेले नसतात, पण तुम्हाला वापरताही येत नाहीत. क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेतून तेवढं कमी होतं, एवढंच. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड दिलं तर खरे पैसे अडकतात आणि हॉटेल सोडल्यावर सुटायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. फॉरेक्स कार्डात १,५०० युरो भरून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दुकानात कार्ड नाकारलं जातं, त्याचं कारण बहुतेकदा हेच. राखीव रकमेसाठी क्रेडिट कार्ड द्या, शेवटचं बिल हवं तर फॉरेक्स कार्डाने भरा. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून मर्यादा वाढवायला विसरू नका.

मशीनवर ‘युरो की रुपये’ असा प्रश्न आला तर दर वेळी युरो. रुपयांचा पर्याय दिसायला आपलासा, पण त्यातला विनिमय दर खिशाला चाट लावतो.

खोलीत

न्हाणीघराबद्दल नीट समजून घ्या, कारण आपल्या सवयी इथे महागात पडतात. शॉवरच्या किंवा टबच्या बाहेरच्या फरशीला पाणी वाहून जायला मोरी नसते. बाहेर सांडलेलं पाणी संगमरवराच्या सांध्यांतून, उंबऱ्याखालून, गालिच्यात आणि तिथून खालच्या मजल्याच्या छतात जातं. पडदा असेल तर त्याचं टोक टबच्या आत सोडायचं, काचेचं दार असेल तर पूर्ण लावायचं, आणि टबाशेजारी ठेवलेला जाड टॉवेल हा अंग पुसायचा नसून पाय ठेवायचा. बादली-तांब्या नसतो. जेट-स्प्रे असेलच याची खात्री नाही. प्रवासी स्प्रे बाटली मिळते, ती आणा.

खोलीत उदबत्ती नको, किटलीत मॅगी-पोहे नकोत. धुराचे गजर संवेदनशील असतात, आणि खोटा गजर वाजून अग्निशमन दल आलं तर त्याचा खर्च पाहुण्याच्या माथी येऊ शकतो. रात्री भूक लागली तर ठेपले, चिवडा, लाडू कोरडेच खा. त्याला कोणाची हरकत नाही.

नळाचं पाणी बिनधास्त प्या. व्हिएन्नाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली वाहिनी १८७३ सालची आणि दुसरी १९१० सालची. मिनीबारमधली बाटली उघडण्याचं कारण नाही.

प्लग: गोल दोन पिनांचे आपले चार्जर बहुतेक बसतात, तीन पिनांची इस्त्री किंवा लॅपटॉपची जाड पिन बसत नाही. ॲडॉप्टर मागितला तर काउंटरवर मिळतो, पण रात्री अकराला मागण्यापेक्षा आणलेला बरा.

संध्याकाळी कोणी दार वाजवून पडदे ओढायला, पलंग आवरायला येईल. ते वेगळं बिल नव्हे. नको असेल तर दाराला पाटी लावा. रोज खोली आवरणाऱ्यासाठी दोन-तीन युरो उशीवर ठेवायचे, आणि रोजच्या रोज, कारण शेवटच्या दिवशी दुसरीच व्यक्ती असू शकते.

सौनात जाणार असाल तर आधी नियम विचारा. ऑस्ट्रियात सौनात कपडे न घालण्याची पद्धत सर्रास आहे, स्त्री-पुरुष एकत्रही. आत शिरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

शाकाहारी पाहुण्यांसाठी

व्हिएन्नाचं स्वयंपाकघर गोमांसाच्या रश्श्यावर उभं आहे, आणि तो रस्सा दिसत नाही. इथल्या खासियतींतला ताफेलश्पित्झ म्हणजे उकडलेलं गोमांस, ते ताटात दिसतं. पण फ्रिटाटेनझुप्पं बघा: नितळ सोनेरी सूप, त्यात धिरड्याच्या बारीक पट्ट्या, वर हिरवी पात. आपल्याला वाटतं, यात काय असणार? ते पाणी म्हणजे तोच गोमांसाचा रस्सा. त्याहून दगा देणारी चीज म्हणजे बटाट्याची कोशिंबीर, एर्डएप्फेलझालाट. व्हिएन्नात ती मेयोनीजऐवजी गरम रश्श्यात भिजवतात, बटाटा तो पिऊन घेतो, म्हणून ती अशी चकचकीत आणि मऊ दिसते. मांसाचा तुकडा एकही नसतो, तेव्हा ‘यात मांस आहे का?’ या प्रश्नाला घाईतला वेटर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो.

म्हणून प्रश्न बदला. ‘ओने फ्लाइश, ओने फिश, ओने रिंडझुप्पं’ (मांस नको, मासा नको, गोमांसाचा रस्सा नको) असं म्हणा, किंवा तिन्ही गोष्टी मेलमध्ये लिहून ठेवा म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत आधीच पोचतात. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं तर अंडं चालतं असं धरलं जातं.

अंडं न खाणाऱ्यांना ऑस्ट्रियाच्या मेनूकार्डाचा एक मोठा उपयोग आहे. पदार्थांच्या नावांशेजारी बारीक रोमन अक्षरं असतात, ती ॲलर्जीची: ‘ए’ म्हणजे गहू वगैरे ग्लूटेन, ‘सी’ म्हणजे अंडं, ‘जी’ म्हणजे दूध, ‘एच’ म्हणजे बदाम-अक्रोडसारखा सुकामेवा. ‘सी’ दिसलं की सोडा. मात्र ही अक्षरं मांसाबद्दल काहीच सांगत नाहीत.

एप्रिलपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पांढरा शतावरीचा कोंब, श्पार्गल, सगळीकडे मिळतो. तो लोण्यात मागवा (हॉलांडेज सॉसमध्ये अंडं असतं), हॅमशिवाय असं बजावून.

तोर्त, कॉफी आणि रांग

१८३२ साली ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याच्या मेजवानीसाठी फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या उमेदवाराने हॉटेलचा प्रसिद्ध चॉकलेट केक, म्हणजे तोर्त, पहिल्यांदा केला असं सांगतात. हॉटेल काढणारा एडुआर्ड हा त्याचा मुलगा. पुढे ‘ओरिजिनल’ कोणाचा यावर हॉटेल आणि डेमेल या मिठाईवाल्यांत वर्षानुवर्षं खटला चालला. १९६३ मध्ये ‘ओरिजिनल’ हा शब्द हॉटेलकडे आला. ओळखायची खूण जॅममध्ये आहे: हॉटेलच्या केकात जर्दाळूचा जॅम मध्येही असतो आणि चॉकलेटच्या आवरणाखालीही. डेमेलकडे तो फक्त आवरणाखाली. केकात अंडी असतात, भरपूर. हे घरी नेताना ज्येष्ठांना आधी सांगावं.

पहिला घास कोरडा लागला म्हणून नाक मुरडू नका. शेजारी ठेवलेली बिनसाखरेची फेटलेली साय, श्लागओबर्स, प्रत्येक घासाला लावून खायची असते. कॉफीत मेलांझ म्हणजे दुधाची, फेसाळ. आइनश्पेनर म्हणजे पेल्यात कडक काळी कॉफी आणि वर साय. चांदीच्या तबकात सोबत पाण्याचा पेला येतो, तो परत भरून मागता येतो.

कॅफेबाहेर दुपारी रस्त्यावर लांब रांग लागते. सकाळी आठ-नऊला गेलात तर टेबल मिळतं. हॉटेलात उतरलेल्यांनी तर रांगेत उभंच राहू नये, कन्सिएर्जला आदल्या दिवशी वेळ सांगावी. टेबलावर बिल आलं की पाच ते दहा टक्के धरून एकूण आकडा तोंडाने सांगायचा: बिल १८.४० असेल तर ‘ट्स्वान्त्सिग’ म्हणजे वीस. पैसे टेबलावर सोडून निघून जाणं तिथे रीत नाही.

ऑपेरा: महाग खोली, स्वस्त तिकीट

बसण्याची चांगली तिकिटं महिनोन्महिने आधी जातात. ती नाही मिळाली तर उभं राहून पाहण्याची शेकडो तिकिटं त्याच दिवशी विक्रीला येतात आणि ती कॅफेतल्या केक-कॉफीच्या भावात मिळतात. आत शिरल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला ओढणी किंवा मफलर बांधला की जागा राखली जाते. ही तिथली जुनी रीत आहे आणि सगळे पाळतात. समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येतं. कोट आणि मोठी पिशवी मात्र बाहेर जमा करावी लागते. साडी उत्तम. वॅग्नर या जर्मन संगीतकाराचं काही लांबलचक असेल आणि पाय दुखत असतील तर पहिल्या मध्यंतरात निघा, हॉटेल रस्त्यापलीकडे आहे.

एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये ऑपेराच्या केर्न्टनर श्ट्रासकडच्या बाजूला मोठ्या पडद्यावर आतला प्रयोग थेट दाखवतात, फुकट. खुर्च्या असतात, संध्याकाळी गार वारं सुटतं, शाल न्या.

निघताना

बिल आदल्या रात्री छापून मागा आणि ओळ न ओळ वाचा. मिनीबार आणि दुसऱ्याच खोलीची कॉफी या दोन चुका सगळीकडे होतात. सकाळी गाडी दाराशी उभी असताना त्या सोडवता येत नाहीत.

तोर्त न्यायचा असेल तर लाकडी खोक्यातला घ्या आणि हातातल्या सामानात ठेवा. बॅगेत दिला तर विमानतळाच्या उन्हात आवरण वितळून झाकणाला चिकटतं. जर्दाळूच्या जॅमची बरणी मात्र द्रव पदार्थांत मोजली जाते, ती १०० मिलीलीटरच्या वर असेल तर मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. मुंबई-पुण्यात पोचल्यावर केक फ्रिजमध्ये कोंबू नका, आवरणावर दव धरतं आणि चकाकी जाते. एसीच्या खोलीत ठेवा, खोक्यावरच्या तारखेआधी संपवा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग चालवा, नाहीतर आवरणाला तडे जातात.